रस्त्यावर बसलेल्या विहीणबाई

आमच्या होणाऱ्या विहीणबाईंचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो एका हॉस्पिटलसमोरच्या फुटपाथवर. त्याआधी वर्षभर आमच्या भेटी होत होत्या. मुलाचं लग्न ठरलं होतं. मुलगी कोरियन, जन्मली इथेच न्यू जर्सीत, पण आईवडील सोलहून आलेले. हडसन नदीच्या काठी जी कोरियन वस्ती आहे तिथे त्यांनी कित्येक वर्षं ड्रायक्लीनिंगचं दुकान चालवलं आणि आता दुकान विकून दोघं निवांत झाले होते.

या भेटींमध्ये बोलायचे ते व्याही. उंच, खणखणीत आवाजाचे, चर्चमध्ये मान असलेले गृहस्थ. दारावर अमेरिकेचा झेंडा, गाडीच्या मागच्या काचेपाशी फौजी टोपी. तरुणपणी ते कोरियन सैन्यात होते आणि अमेरिकन तुकडीबरोबर काम केल्याचा त्यांना अभिमान होता. विहीणबाई शेजारी बसून हसायच्या. बारीक अंगकाठी, कापलेले पांढरे केस, कडक इस्त्रीचा शर्ट. मी त्यांच्या बाजूला बसून लग्नाच्या हॉलबद्दल, साड्यांबद्दल बोलत राहायची आणि त्या मान हलवायच्या. इंग्रजी कळत नसावं बिचारीला, असं मी नवऱ्याला म्हटलंही होतं.

मुलगी नर्स आहे. माझ्या मुलानं तिला मला ‘काकू’ म्हणायला शिकवलंय आणि ती ते इतकं गोड म्हणते की लग्नानंतरही बदलू नये असं मला तेव्हाच वाटलं होतं. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये तिचा फोन आला, "काकू, आम्ही उद्यापासून स्ट्राइकवर जातोय."

मला पहिल्यांदा कळलंच नाही. नर्सचा संप? आजारी माणसं टाकून? मी नागपूरची, सरकारी नोकरदाराची मुलगी. आमच्या घरी संप हा शब्द वडील आवाज खाली करून उच्चारायचे. आणि इथे तर आम्ही दोघं सॉफ्टवेअरवाले, व्हिसावर आलेलो, मान खाली घालून काम करायचं आणि पेपर्स नीट ठेवायचे, एवढंच शिकलेलो. मी मुलाला फोन केला.

"अरे, तिची नोकरी गेली म्हणजे?"

"आई, रिलॅक्स. शी नोज व्हॉट शी इज डुइंग."

"पण पेशंटचं काय?"

"पेशंटसाठीच करतायत त्या. तू तिलाच विचार ना."

विचारलं. तिनं सांगितलं की तिच्या वॉर्डात एकेका नर्सकडे इतके पेशंट असतात की एकाजवळ असताना दुसऱ्याकडे बघता येत नाही. एक म्हातारे गृहस्थ बाथरूमला जायला म्हणून बेल वाजवत राहिले, ही शेजारच्या खोलीत एकाला ऑक्सिजन लावत होती. ते स्वतःच उठले आणि पडले. मांडीचं हाड मोडलं. "ते मलाच सॉरी म्हणत होते, काकू," ती म्हणाली.

शनिवारी मी पोहे केले. मोठ्या अॅल्युमिनियमच्या ट्रेमध्ये भरले, वर कोथिंबीर घातली, थर्मासमध्ये चहा घेतला आणि हॉस्पिटलकडे निघाले. गाडी लांब लावावी लागली. कोपऱ्यावरूनच ढोलासारखा आवाज येत होता. जवळ गेले तर लाल टी-शर्ट घातलेल्या शंभरएक बाया, थोडे पुरुष, हातात फलक. आणि सगळ्यांच्या पुढे, जमिनीवर पुठ्ठा टाकून मांडी घालून बसलेल्या आमच्या विहीणबाई.

समोर प्लॅस्टिकची रंगाची रिकामी बादली पालथी घातलेली. दोन काठ्यांनी त्या ती बडवत होत्या आणि गात होत्या. कोरियन भाषेत, छातीतून, गळ्याच्या शिरा ताणून. कडवं संपलं की उजव्या हाताची मूठ वर जायची, खाली यायची, पुन्हा वर जायची. मागे फिलिपिनो नर्स, काळ्या नर्स, केरळच्या नर्स, कुणालाही एक शब्द कळत नव्हता, पण सगळ्यांच्या मुठी त्या तालावर वर जात होत्या. गाडीवाले हॉर्न वाजवून पुढे जात होते. मी ट्रे हातात धरून तशीच उभी राहिले. त्याच बाई आहेत ना, म्हणून मी दोनदा निरखून पाहिलं.

शेजारच्या मल्याळी नर्सनं मला विचारलं, "तुमच्या ओळखीच्या आहेत?"

"विहीण आहेत माझ्या," मी मराठीतच बोलून गेले.

मुलगी गर्दीतून माझ्याकडे आली. तिचा चेहरा माझ्यासारखाच चकित झाला होता. "काकू, मी आईला असं कधीच पाहिलेलं नाही. मी तिला फक्त पाणी घेऊन यायला सांगितलं होतं."

दुपारी ऊन चढलं तशा विहीणबाई थकलेल्या दिसायला लागल्या. माझं घर एडिसनला, तिथून वीसेक मिनिटांवर. मुलीनं विनवलं म्हणून त्या माझ्याबरोबर आल्या. गाडीत मी एकटीच बोलत होते. त्या उजवीकडच्या सीटवर बसून समोर बघत होत्या, मला वाटलं दमल्या असतील.

घरी आल्यावर मी त्यांना ताक दिलं आणि भाजी चिरायला घेतली. त्यांनी खुर्ची उचलून माझ्या डाव्या बाजूला आणून ठेवली आणि बसल्या. मग स्वच्छ इंग्रजीत, सावकाश म्हणाल्या, "आता बोला. आता ऐकू येतं."

मी सुरी खाली ठेवली.

"हा कान गेलेला आहे," डाव्या कानाला बोट लावून त्या म्हणाल्या. "तुम्ही नेहमी याच बाजूला बसता. गाडीत तर इलाजच नाही. मला वाईट वाटायचं, पण तुम्ही इतक्या आनंदानं बोलता की थांबवणं बरं दिसलं नसतं."

कशानं गेला कान, असं मी विचारलं. ताप, म्हातारपण, असलं काहीतरी उत्तर येईल असं मला वाटलं होतं.

"फळीनं," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. मी भाजी चिरायचं विसरून ऐकत राहिले. सतरा-अठरा वर्षांच्या असताना त्या गावाहून सोलला आल्या आणि शर्ट शिवण्याच्या कारखान्यात लागल्या. हॉल असा की मधे पोटमाळा घालून एकाचे दोन केलेले, ताठ उभं राहता यायचं नाही. सगळ्या मुलीच. कापडाची धूळ इतकी की थुंकीचा रंग त्या दिवशीच्या कापडाचा असायचा. ऑर्डर आली की झोप येऊ नये म्हणून सुपरवायझर गोळ्या वाटायचा. त्यांचा पगार घरी जायचा, धाकटे भाऊ त्यावर शिकले. आसपासच्या कारखान्यांत मुली संघटना करत होत्या, यांनीही केली. निवडणूक लावली आणि एका मुलीला अध्यक्ष निवडलं. तोवर युनियन म्हणजे मालकाचीच माणसं असायची. बायका निवडून आलेल्या त्यांना सहन झालं नाही.

"कुणाला? मालकाला?"

"मालकाला, सरकारला. तेव्हा लष्करशहाचं राज्य होतं. संप म्हटलं की कम्युनिस्ट."

निकालाच्या दुसऱ्या दिवशी कंपनीनं पोसलेले गुंड जेवणाच्या हॉलमध्ये शिरले. मुलींनी एकमेकींच्या हातांत हात गुंफून दारापुढे साखळी केली. पोलीस फाटकापाशी उभे राहून बघत होते. बाकाची मोडलेली फळी विहीणबाईंच्या कानावर बसली. शुद्धीवर आल्या तेव्हा त्या पोलीस चौकीत होत्या आणि गुन्हा त्यांच्यावरच दाखल झाला होता. पुढे त्यांना कुठल्याच कारखान्यानं घेतलं नाही. जिथे जातील तिथे त्यांचं नाव आधीच पोचलेलं असायचं.

"आणि ते शर्ट?" त्या म्हणाल्या. "ते इथे यायचे. अमेरिकेत. मी आधी त्यांचे शर्ट शिवले, मग इथे येऊन त्यांना इस्त्री केली."

असं म्हणून त्या हसल्या. मला हसता येईना. वर्षभर मी या बाईंच्या बहिऱ्या कानात साड्यांचे रंग सांगत होते.

"मुलीला माहीत आहे?"

"नाही. तिच्या वडिलांना आवडत नाही. लग्न झालं तेव्हाच ठरलं होतं, याविषयी बोलायचं नाही."

"मग आज?"

त्यांनी खांदे उडवले. "आज तिला तिथे उभी पाहिली आणि हात आपोआप बादलीवर गेले."

पुढच्या आठवड्यात गणपती होते. रविवारी आम्ही व्याह्यांना सहकुटुंब जेवायला बोलावलं. व्याही चर्चचे, तेव्हा येतील की नाही अशी मला धाकधूक होती, पण ते आले. त्यांनी बूट काढले, आरास पाहून "ब्यूटिफुल" म्हणाले, हात काही जोडले नाहीत. मोदक पाहून त्यांनी विचारलं, यात मांस असतं का, आमच्याकडे असेच असतात. सगळे हसले. जेवणं मजेत चालली होती.

व्याह्यांना बरं वाटावं म्हणूनच माझा नवरा बोलला, हे मी आजही मानते. तो म्हणाला, "खरं सांगतो, तुमच्या देशाचं मला फार कौतुक वाटतं. युद्धानंतर काय अवस्था होती, आणि आज गाड्या, टीव्ही, फोन, सगळं तुमचं. अमेरिका मदतीला आली नसती तर तुम्हीही नॉर्थसारखे राहिला असता."

व्याही जोरात मान हलवायला लागले. तेवढ्यात विहीणबाईंनी चमचा ताटात ठेवला.

"अमेरिका नसती तर नॉर्थ आणि साउथ नसतं," त्या म्हणाल्या. "एक देश होता."

नवरा गोंधळला. "म्हणजे, रशियाही होता ना..."

"होता. जपान हरला, त्यांच्या राज्यातून आम्ही सुटलो म्हणून लोक रस्त्यावर नाचत होते. आणि इथे, अमेरिकेत, दोन लष्करी अधिकारी एका खोलीत नकाशा घेऊन बसले आणि त्यांनी रेष मारली. इकडचं आमचं, तिकडचं रशियाचं. आमच्यापैकी कुणाला विचारलं नाही. मग ऐंशी वर्षं दोन्हीकडे फौजा. नॉर्थचं सरकार चांगलं आहे असं मी म्हणत नाही. तिथले लोक माझेच आहेत, म्हणून तर म्हणत नाही. पण आम्हाला फळ्यांनी मारणाऱ्या सरकारच्या मागे कोण उभं होतं, ते मला माहीत आहे. आजही त्यांचे तळ तिथे आहेत."

व्याह्यांनी कोरियन भाषेत एकच वाक्य म्हटलं. आवाज मोठा नव्हता. मुलगी दचकली. विहीणबाईही कोरियनमध्येच काहीतरी म्हणाल्या. मग मुलीकडे वळून, आम्हालाही कळावं म्हणून असेल, इंग्रजीत म्हणाल्या, "तुझी मावशी आहे तिकडे. माझी मोठी बहीण."

मुलीच्या हातातली वाटी कलंडली. आमटी टेबलक्लॉथवर पसरली, आणि ती पुसायला कुणीच उठलं नाही.

"व्हॉट आन्ट?" माझ्या मुलानं विचारलं.

युद्धाच्या हिवाळ्यात विहीणबाईंचे आईवडील उत्तरेतल्या गावातून दक्षिणेकडे पळाले होते. चार वर्षांची मुलगी तापानं फणफणलेली होती. रस्त्यात बर्फ, वरून बॉम्ब. आजीपाशी ठेवून जाऊ, थोड्या दिवसांत परत येऊ, असं ठरलं. ते थोडे दिवस कधीच संपले नाहीत. विहीणबाई नंतर दक्षिणेत जन्मल्या. त्यांची आई मरेपर्यंत त्या मुलीच्या मापाचा स्वेटर विणायची, उसवायची आणि दरवर्षी थोडा मोठा करून पुन्हा विणायची.

"आता मी अमेरिकन आहे," विहीणबाई म्हणाल्या. "माझ्या पासपोर्टवर तिथे जायला बंदी आहे. आधी रेष मारली, मग नागरिक करून घेतलं, आणि आता रेष ओलांडायची नाही म्हणतात."

व्याही उठले. मघाच्या वाक्यातला एक शब्द ते पुन्हा म्हणाले, त्यांनी बूट घातले आणि निघून गेले. त्यांची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. बायकोला ते आमच्याकडेच सोडून गेले होते.

"काय म्हणाले ते?" मी मुलीला विचारलं.

ती रडत होती. "लाल, काकू. म्हणजे कम्युनिस्ट. पण त्यापेक्षा खूप वाईट. त्या शब्दावरून तिकडे माणसं मारली गेलीत."

विहीणबाईंनी मात्र राहिलेला भात संपवला. मग शांतपणे मला म्हणाल्या, "त्यांच्या वडिलांना उत्तरेच्या सैनिकांनी घरासमोर गोळी घातली. ते तान्हे होते. एका अमेरिकन सैनिकानं त्यांना आणि त्यांच्या आईला ट्रकमध्ये उचलून घेतलं, म्हणून ते जगले. तेही खरं आहे. मी त्यांच्यावर रागावलेली नाही."

मुलगा त्यांना घरी सोडायला गेला. नवरा टेबलापाशीच बसून राहिला. "अहो, तुम्ही काही वाईट बोलला नाहीत," मी म्हटलं.

"मी आयुष्यभर हेच वाचलंय गं," तो म्हणाला. "हेच मुलाला शिकवलं. आपल्याकडे फाळणी झाली ती इंग्रजांनी केली, हे मी दर पंधरा ऑगस्टला बोलतो. नागपूरला आपल्या जरीपटका वस्तीतले सिंधी काका कराचीच्या घराची किल्ली दाखवायचे. मग यांचं का नाही सुचलं मला?"

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. व्याही आणि विहीणबाई एका घरात राहून एकमेकांशी बोलत नव्हते. मुलगी दिवसा फुटपाथवर उभी राहायची आणि घरी गेली की दोघांच्या मधे. लग्नाचं काय, हे विचारायची माझी हिंमत होईना.

मग ती बातमी आली. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका राज्यात गाड्यांच्या बॅटरीचा मोठा कारखाना उभा राहत होता. कोरियन कंपन्यांचा. तिथे इमिग्रेशनवाल्यांनी धाड घातली आणि कोरियाहून आलेल्या शेकडो इंजिनिअर-कामगारांना पकडलं. मी घरून काम करते. दुपारी जेवताना टीव्ही लावला. कामाची जाकिटं घातलेली माणसं बसवर हात टेकून रांगेत उभी. त्यांच्या कमरेला साखळी, घोट्यांना साखळी. एकजण तर माझ्या ऑफिसमधल्या पोरांसारखाच दिसत होता, चष्मा, खांद्यावर लॅपटॉपची बॅग टांगायची सवय असलेली पाठ.

आमच्या कॉम्प्लेक्सच्या ग्रुपवर मेसेजचा पाऊस सुरू झाला. इथली निम्मी मुलं पुण्या-नागपूरची, व्हिसावर आलेली. कुणी विचारत होतं, ड्राइव्ह करताना पासपोर्ट जवळ ठेवायचा का. कुणीतरी म्हणालं, यार, त्यांना तर यांनीच बोलावलं होतं ना? मी नागरिक होऊन बरीच वर्षं झाली, तरी उठून दाराची कडी नीट लागलीय का ते पाहून आले. मग स्वतःच्याच त्या हाताकडे बघत उभी राहिले.

मुलीचा फोन आला. "काकू, डॅड सकाळपासून टीव्हीसमोर बसलेत. खात नाहीत, बोलत नाहीत. तुम्ही येता का? मॉमला त्यांच्याशी काय बोलायचं ते कळत नाहीये."

मी आणि नवरा गेलो. दारावरचा झेंडा तसाच होता. आत व्याही खुर्चीत बसले होते, दाढी न केलेली. टीव्हीवर तीच दृश्यं पुन्हा पुन्हा. विहीणबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. आम्हाला पाहून व्याह्यांनी आवाज बंद केला आणि माझ्या नवऱ्याला विचारलं, जणू मधे काही घडलंच नव्हतं, "हे इंजिनिअर आहेत. कारखाना बांधायला आलेत. तुम्हीही इंजिनिअर आहात. सांगा, साखळी कशाला?"

नवरा त्यांच्या खुर्चीपाशी गेला.

"मी त्यांच्याबरोबर फौजेत होतो. ते आम्हाला ‘मित्र’ म्हणायचे," व्याही म्हणाले. "मित्राच्या पायात कुणी साखळी घालतं?" त्यांचा तो खणखणीत आवाज कुठेतरी गेला होता. पडद्यावर बस सुरू झाली तसे ते दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागले. एवढा मोठा माणूस असा रडताना मी पाहिला नव्हता. आम्ही दोघं अवघडून गेलो.

आता विहीणबाई काहीतरी बोलतील, असं मला वाटलं. बोलायचा हक्क त्यांना होता. पण त्या आल्या, त्यांच्या शेजारी बसल्या आणि टीव्ही बंद केला. मग कोरियनमध्ये हळू आवाजात त्यांचं बोलणं सुरू झालं. आम्ही आणलेली खिचडी मी गरम करून ठेवली आणि आम्ही निघून आलो.

पुढच्या शनिवारी मी पुन्हा पोहे घेऊन हॉस्पिटलसमोर गेले. विहीणबाई बादली बडवत होत्या. रस्त्याच्या पलीकडे व्याही उभे होते, पायाशी चर्चमधलं भलं मोठं स्टीलचं पिंप. त्यात बार्लीचा थंड चहा होता. नर्स रस्ता ओलांडून जायच्या, पेला भरून घ्यायच्या. ते मात्र या बाजूला आले नाहीत. मी गेले तेव्हा मलाही त्यांनी पेला दिला.

"मी लाल झालेलो नाही," ते म्हणाले.

"नाही, नाही," मी घाईघाईनं म्हटलं.

"माझ्या वडिलांना ज्यांनी मारलं त्यांना मी माफ केलेलं नाही. नकाशाचं ती म्हणते ते मला पटत नाही. पण तिचा कान कशानं गेला ते मला लग्नाआधीपासून माहीत होतं, आणि मी कधी विचारलं नाही की दुखलं होतं का." त्यांनी समोर पाहिलं. "काल विचारलं."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, अजून दुखतो. थंडीत."

संप सप्टेंबरअखेर मिटला. सगळं मिळालं नाही. काही वॉर्डांत एका नर्समागे किती पेशंट याची मर्यादा लेखी ठरली, काही वॉर्डांचं पुढे बघू म्हणाले. मुलीच्या वॉर्डाला मर्यादा मिळाली. कामावर गेली त्या दिवशी तिनं मला फोन करून सांगितलं, "काकू, आज बेल वाजली आणि मी जाऊ शकले." मला तेवढं पुरेसं वाटलं. लग्नाचा विषयही व्याह्यांनीच आपण होऊन काढला. वसंतात, दोन्ही पद्धतींनी, एकाच दिवशी करायचं ठरलं आणि तसंच झालं.

पण मला सांगायचंय ते त्याआधीच्या ऑक्टोबरातल्या दुपारचं. त्या पौर्णिमेला कोरियन लोकांचा पूर्वजांची आठवण करायचा सण असतो. त्या वर्षी आमची कोजागिरी त्याच दिवशी होती. व्याह्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. टेबलावर नव्या तांदळाचा भात, अख्खा तळलेला मासा, पेअरची फळं, आणि अर्धचंद्रासारख्या, आत तीळ-मध भरलेल्या तांदळाच्या पिठाच्या करंज्या. ताटं मांडली विहीणबाईंनी, प्रार्थना म्हणायला उभे राहिले व्याही. त्यांच्या चर्चमध्ये मेलेल्यांना जेवण वाढणं बसत नाही, म्हणून दोघांनी अशी वाटणी केली होती.

ते डोळे मिटून कोरियनमध्ये बोलत होते आणि मुलगी आमच्या कानाशी इंग्रजीत सांगत होती. आजोबांसाठी. आजीसाठी. आईच्या आईसाठी. मग व्याही थांबले. विहीणबाईंनी डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिलं.

"आणि," मुलगी कुजबुजली, "आणि जी जिवंत आहे की नाही हे आम्हाला माहीत नाही, त्या बहिणीसाठी. ती असेल तिथे आज तिला पोटभर जेवण मिळू दे."

विहीणबाई उभ्या होत्या त्या जागीच खाली बसल्या. त्यांना कुणी धरायला जावं की नाही हे कळेना. व्याह्यांनी आमेन म्हटलं आणि स्वतःच खुर्ची ओढून त्यांना बसवलं.

माझा नवरा तसा अशा वेळी गप्प बसणारा माणूस. पण त्यानं पुढे वाकून, त्यांच्या उजव्या बाजूनं विचारलं, "त्यांचं नाव काय?"

विहीणबाईंनी नाव सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही. ते त्यांचं आहे. मुलीनं ते पहिल्यांदाच ऐकलं होतं. तिनं ते म्हणून पाहिलं. माझ्या मुलानं म्हटलं. नवऱ्यानं म्हटलं ते चुकलं, तेव्हा विहीणबाईंनी दुरुस्त केलं, तो पुन्हा चुकला, त्यांनी पुन्हा ओठ हलवून दाखवले. शेवटी व्याह्यांनीही म्हटलं, सावकाश, प्रत्येक अक्षर वेगळं करून. मग विहीणबाईंनी मला भात वाढला आणि आम्ही जेवायला लागलो.